नावात घटक, घडणीत बळ
शालेय पुस्तकांतील मिश्रधातूंच्या तक्त्याविषयी

आचऱ्याच्या किनाऱ्यापासून थोडे आत, जेथे खाडीचे गोडे पाणी मिसळत नाही, तेथील एक घनमीटर समुद्रपाणी घेतले तर त्यात साधारण १.३ किलोग्रॅम मॅग्नेशियम असते. ते क्षारांच्या रूपात असते, पण त्यापासून धातू काढता येतो. अमेरिकेत टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथे डाऊ केमिकल कंपनीने १९४१ साली समुद्राच्या पाण्यापासून मॅग्नेशियम काढण्यास सुरुवात केली आणि हे काम १९९८ पर्यंत चालू होते. या धातूची घनता दर घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम आहे. ॲल्युमिनियमची २.७० आणि लोखंडाची ७.८७. म्हणजे एकाच आकाराचा तुकडा घेतला तर मॅग्नेशियमचे वजन लोखंडाच्या पाव भागापेक्षाही कमी भरते.

इतका हलका आणि इतका मुबलक धातू असूनही मोटारीचा दरवाजा किंवा सायकलचा मडगार्ड मॅग्नेशियमच्या पत्र्याचा का नसतो, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याला पडला तर त्याला पुस्तकात काय उत्तर सापडते? मॅग्नेशियम क्रियाशील आहे, ते लवकर गंजते आणि पेट घेते, हे पहिले उत्तर. खाऱ्या पाण्यातील होडीपुरते ते योग्यही आहे. शुद्ध धातू मऊ असतो म्हणून त्याचा मिश्रधातू करावा लागतो, हे दुसरे. पण मग मिश्रधातू केल्यावर तरी पत्रा का होत नाही? जगात मोटारींसाठी जे मॅग्नेशियम वापरले जाते ते मुख्यतः ओतलेल्या भागांच्या रूपात असते, पत्र्याच्या रूपात फार थोडे. हे असे का, याचे उत्तर क्रियाशीलतेच्या श्रेणीतही नाही आणि मिश्रधातूंच्या तक्त्यातही नाही. आमचा आक्षेप या तक्त्याबद्दल आहे.

तक्ता काय सांगतो?

आपल्याकडील शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हा तक्ता पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. त्याचे तीन रकाने सर्वांच्या परिचयाचे आहेत : मिश्रधातूचे नाव, त्यातील घटक आणि त्याचा उपयोग. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथील, ड्युराल्युमिन म्हणजे ॲल्युमिनियम, तांबे, मॅग्नेशियम आणि मँगेनीज. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत जोड्या जुळवतात आणि गुण मिळवतात.

या तक्त्याची जमेची बाजू आधी सांगितली पाहिजे. दोन धातू एकत्र केले की दोहोंपेक्षा वेगळे गुण असलेला पदार्थ मिळतो, ही महत्त्वाची गोष्ट त्यातून मुलांच्या मनावर ठसते. रोजच्या वापरातील वस्तू आणि प्रयोगशाळेतील मूलद्रव्ये यांचा संबंधही जुळतो. पहिली पायरी म्हणून तक्ता चांगला आहे.

पण त्याच्या मांडणीतून एक निष्कर्ष न सांगता निघतो, तो असा की घटक आणि त्यांचे प्रमाण कळले म्हणजे मिश्रधातूचे गुण कळले. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कोकणातील लोहार मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयता घडवतो. पाटा लवतो आणि पुन्हा सरळ होतो. कोयत्याची धार कठीण असते आणि लवत नाही. पोलाद तेच, त्यातील कार्बनही तेवढाच. तक्त्यात पाटा आणि कोयता एकाच ओळीत बसतील. दोघांतील फरक लोहाराच्या भट्टीत, घणाखाली आणि पाणी देताना निर्माण झाला, आणि नेमका तोच तक्त्यात कोठे नाही.

तक्त्यातील ड्युराल्युमिनची कथाही हेच सांगते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली असे आढळले की, सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले आणि नुसते ठेवून दिले, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. त्याच घटकांचा तुकडा सावकाश थंड केला तर ही करामत होत नाही. म्हणजे ड्युराल्युमिन हे जितके घटकांचे नाव आहे, तितकेच एका कृतीचेही नाव आहे. या काठिण्यामागे तांब्याच्या अणूंचे अतिसूक्ष्म पुंजके आहेत, हे गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९३८ साली स्वतंत्रपणे दाखवले. आपला तक्ता मात्र घटकांपाशीच थांबला.

एकच मिश्रधातू, चार स्वभाव

मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंत ही उणीव सर्वांत ठळकपणे दिसते, म्हणून पुढील विवेचनासाठी आम्ही ते निवडले आहेत. ओतकामात सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू एझेड ९१ या नावाने ओळखला जातो. त्यात सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असते, बाकी मॅग्नेशियम. नावातच घटक आहेत, त्यामुळे तक्त्याला हे नाव फार आवडेल.

आता त्याचे बळ पाहू. धातूची कांडी ओढत गेलो तर एका ताणापर्यंत ती सोडल्यावर पूर्ववत होते; त्यापुढे कायमची लांबते. या ताणाला आपण विरूपण-ताण म्हणू. कांडी जास्तीत जास्त जेवढा ताण सोसते तो कमाल ताण. आणि तुटेपर्यंत ती शेकडा किती लांबली, यावरून तिचा चिवटपणा कळतो. एझेड ९१ चे चार प्रकारे तयार केलेले नमुने घेतले तर ढोबळ आकडे असे येतात :

वाळूच्या साच्यात ओतून तसाच ठेवलेला : विरूपण-ताण ९७ मेगापास्कल, कमाल ताण १६५, लांबीतील वाढ २.५ टक्के.
तोच तापवून, मुरवून एकदम थंड केलेला : ९०, २७५ आणि १५ टक्के.
त्यानंतर मंद आचेवर पुन्हा मुरवलेला : १४५, २७५ आणि ६ टक्के.
पोलादी साच्यात मोठ्या दाबाने ओतलेला : सुमारे १५०, २३० आणि ३ टक्के.

चारही ओळींत घटक तेच आहेत. तरी पहिला नमुना ठिसूळ, दुसरा चिवट, तिसरा त्याहून ताठ आणि चौथा ताठ पण कमी चिवट. एझेड ९१ चे बळ किती, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला प्रामाणिक उत्तर एकच आहे : तो कसा तयार केला ते आधी सांगा.

यामागील कारण साखरेच्या पाकाच्या उदाहरणाने मुलांना समजावून देता येईल. गरम पाण्यात पुष्कळ साखर विरघळते. पाक थंड झाला की जास्तीची साखर खड्यांच्या रूपाने बाहेर पडते. मॅग्नेशियम घनरूपात असतानाही त्यात ॲल्युमिनियम विरघळते, आणि तापमान जास्त असेल तर अधिक विरघळते. वाळूच्या साच्यात ओतलेला धातू सावकाश थंड होतो. तेव्हा मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे एक ठिसूळ संयुग (१७ अणूंना १२ अणू या प्रमाणातील) कणांच्या सीमांवर जाळ्यासारखे जमते. तडा जातो तो या जाळ्यातून. हाच तुकडा ४१५ अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ ठेवला की संयुग विरघळते, आणि एकदम थंड केल्यास त्याला पुन्हा बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. म्हणून चिवटपणा वाढतो. नंतर १७० अंशांच्या आसपास सोळाएक तास मुरवले की तेच संयुग बारीक पापुद्र्यांच्या रूपात कणांच्या पोटात अवतरते आणि विरूपणाला अडथळा करते. आधी घातक ठरलेला पदार्थ जागा आणि आकार बदलताच उपकारक ठरतो.

चौथ्या प्रकारात पोलादी साचा उष्णता झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे कण बारीक राहतात. मात्र वेगाने शिरणाऱ्या रसाबरोबर हवाही कोंडली जाते. तुकडा नंतर फार तापवला तर ती हवा फुगून पृष्ठभागावर फोड येतात, म्हणून अशा भागांना वरील उष्णोपचार सहसा देता येत नाही. ओतण्याच्या एका रीतीमुळे पुढची दुसरी रीत बंद होते, ही गोष्टही तक्त्यातून कधीच कळणार नाही.

पत्त्यांचा कॅट आणि कथलाची कांब

आता पत्र्याच्या प्रश्नाकडे वळू. धातू वाकतो म्हणजे त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या स्फटिकात असे सरकण्याजोगे थर अनेक दिशांनी असतात. मॅग्नेशियमची रचना षट्कोनी आहे. खोलीच्या तापमानाला तिच्यात एकाच प्रकारचे थर सहज सरकतात, ते म्हणजे षट्कोनाच्या तळाशी समांतर असलेले.

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरच्या पत्त्याला बाजूने ढकला. पत्ते सहज सरकतात. तोच कॅट दोन्ही तळव्यांत धरून सरळ वरखाली दाबा. काहीच सरकत नाही. मॅग्नेशियमचा प्रत्येक कण म्हणजे असा एक कॅट आहे. पत्र्यातील असंख्य कण एकमेकांना चिकटलेले असतात, आणि एक कण वाकला की शेजाऱ्याला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी कणाला पाच स्वतंत्र प्रकारे आकार बदलता आला पाहिजे, असे फोन मिझेस यांनी १९२८ साली दाखवले. तळाचे थर सरकण्यातून मॅग्नेशियमला दोनच मिळतात. उरलेली ओढाताण तडा जाऊन भागते.

एक पर्यायी मार्ग आहे, त्याला जुळे स्फटिक बनणे म्हणतात. ताण पडताच कणातील एखादा पट्टा झटकन कलतो आणि त्यातील अणूंची रचना मूळच्या रचनेशी सुमारे ८६ अंशांचा कोन करते. कल्हईवाल्याकडील कथलाची कांब कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. ती अशाच जुळ्यांच्या बनण्याची असते. पण हा पलटा एकाच दिशेने होऊ शकतो, उलट दिशेने होत नाही. ही गोष्ट पुढे कामी येईल.

तापमान सुमारे २२५ अंशांच्या वर गेले की मॅग्नेशियममध्ये इतर थरही सरकू लागतात. म्हणूनच या धातूचे लाटकाम आणि घडकाम बहुधा गरम अवस्थेत करतात. एझेड ३१ (३ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का जस्त) हा पत्र्यासाठीचा नेहमीचा मिश्रधातू. त्याचा पत्रा थंड असताना वाकवायचा तर वळणाची त्रिज्या जाडीच्या सुमारे पाचपट तरी ठेवावी लागते. गरम केल्यावर ती बरीच कमी चालते. मोटारीचा दरवाजा ज्या कारखान्यात पोलादी पत्र्याला थंडच दाबून काही सेकंदांत होतो, तेथे मॅग्नेशियम मागे का पडते, हे आता लक्षात येईल.

कण बारीक करण्याचा हिशेब

बळ वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे कण लहान करणे. सरकणारे थर कणाच्या सीमेशी अडतात. कण जितके लहान तितक्या सीमा अधिक. ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये पोलादाच्या अभ्यासातून याचा नियम मांडला : कणांच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात विरूपण-ताणात भर पडते. व्यास मायक्रोमीटरमध्ये घेतला तर मॅग्नेशियमसाठी या भरीचा गुणक साधारण २८० आणि ॲल्युमिनियमसाठी साधारण ७० धरता येतो. (हा गुणक धातूची शुद्धता व कणांचा रोख यांनुसार बदलतो, तेव्हा आकडे ढोबळ समजावेत.)

दहावीच्या विद्यार्थ्यांनाही हे गणित करता येईल. कणांचा व्यास १०० मायक्रोमीटर असेल तर वर्गमूळ १०, म्हणून मॅग्नेशियममध्ये भर २८ मेगापास्कल. व्यास ४ मायक्रोमीटर केला तर वर्गमूळ २, भर १४० मेगापास्कल. म्हणजे नुसते कण बारीक करून ११२ मेगापास्कल मिळाले. ॲल्युमिनियममध्ये हाच बदल ७ वरून ३५ म्हणजे केवळ २८ मेगापास्कलांचा फायदा देतो. म्हणून मॅग्नेशियमवर काम करणारे संशोधक कणांच्या आकाराच्या मागे इतके लागलेले असतात.

कण बारीक होतात ते घडणीतूनच. धातू गरम असताना लाटला किंवा चकलीच्या सोऱ्यातून पीठ काढावे तसा साच्यातून दाबून काढला, की जुने चेंगरलेले कण मोडतात आणि त्यांच्या जागी नवे लहान कण जन्म घेतात. तापमान कमी ठेवले तर नवे कण बारीक राहतात, पण धातू तडकण्याची भीती. जास्त ठेवले तर तडकत नाही, पण कण पुन्हा वाढतात. कारागिराचे आणि अभियंत्याचे कौशल्य या मधल्या पट्ट्यात काम करण्यात आहे. एझेड ३१ चा पत्रा लाटून पूर्ण मऊ केला तर त्याचा विरूपण-ताण सुमारे १५० मेगापास्कल भरतो. लाटून अर्धवटच मऊ केला तर सुमारे २२०. येथेही घटक बदललेले नाहीत.

बारीक म्हणजे बळकट, हे तरी खरे का?

पुस्तकावर टीका करताना आपण दुसरे एक सोपे सूत्र मुलांच्या हाती देऊ नये, म्हणून हा भाग आवश्यक आहे. साच्यातून दाबून काढलेल्या एझेड ३१ च्या कांबीत बहुतेक कणांचे तळथर कांबीच्या लांबीशी समांतर लागलेले असतात. लाकडाला जसे उभे तंतू असतात तसा हा रोख असतो. धातुशास्त्रात याला पोत म्हणतात. ही कांब लांबीच्या दिशेने ओढली तर ती सुमारे २०० मेगापास्कलपर्यंत दाद देत नाही. तीच कांब लांबीच्या दिशेने दाबली तर सुमारे ९७ मेगापास्कललाच विरूप होऊ लागते. कांब एकच, कण तेच, तरी दाबताना बळ निम्म्याहून कमी. वर सांगितलेला एकतर्फी पलटा याला कारण आहे : या रोखात दाबल्यावर तो सहज घडतो, ओढल्यावर घडू शकत नाही.

त्याहून चकवणारे उदाहरण कोपऱ्यातून दाबण्याच्या रीतीचे आहे. काटकोनात वळलेल्या नळीसारख्या साच्यातून धातू पुन्हा पुन्हा दाबून काढायचा. त्याची जाडी बदलत नाही, पण आतील कण फार बारीक होतात. व्ही. एम. सेगल यांनी सोव्हिएत संघात असताना ही रीत विकसित केली. एझेड ३१ वर ती वापरली तेव्हा कण बारीक झाले आणि चिवटपणा वाढला, पण विरूपण-ताण मात्र साध्या दाबून काढलेल्या कांबीपेक्षा कमी भरला. कणांच्या बारीकपणाने जेवढे कमावले त्याहून अधिक रोख बदलल्याने गमावले, कारण तळथर आता सहज सरकतील अशा तिरक्या दिशेने लागले होते.

म्हणून आज कणांच्या आकाराबरोबर त्यांचा रोखही मोजतात. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये यासाठी राष्ट्रीय पातळीची सुविधा आहे. तेथे क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने कण कोणत्या दिशेने लागले आहेत याचे नकाशे काढता येतात.

घडणीने सर्व काही साधते असेही नाही. धातूचा लवचीकतेचा गुणांक, म्हणजे थोड्या ताणाला तो किती लवतो हे मोजणारी राशी, मॅग्नेशियमसाठी सुमारे ४५ गिगापास्कल आहे. ॲल्युमिनियमसाठी ७० आणि पोलादासाठी २००. अणूंमधील बंधांवर तो अवलंबून असल्याने लाटून वा मुरवून त्यात फारसा फरक पडत नाही.

वृत्तपत्रांतील पोलादाहून बळकट धातू

पुस्तकाइतकाच वृत्तपत्रांचाही हिशेब घेतला पाहिजे. मॅग्नेशियमचा पोलादापेक्षा बळकट मिश्रधातू सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. यात बहुधा बळ भागिले घनता, अशी तुलना असते आणि बातमीत ते सांगितलेले नसते. एझेड ३१ च्या २२० मेगापास्कलला त्याच्या १.७७ घनतेने भागले तर १२४ येते. साध्या पोलादाचे २५० भागिले ७.८५ म्हणजे ३२. मॅग्नेशियम चौपट बळकट ठरले! पण उष्णोपचार केलेले १००० मेगापास्कलचे पोलाद घेतले तर १२७ येते आणि दोघे बरोबरीत सुटतात. कोणते पोलाद, हे विचारल्याशिवाय अशा वाक्याला अर्थ नाही.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने डिसेंबर २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेले काम याचे चांगले उदाहरण आहे. त्यांनी मॅग्नेशियम-जस्त मिश्रधातूत आकारमानाने सुमारे १४ टक्के सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोकण सारखे पसरवले. बातम्यांत भर होता तो नव्या पदार्थावर. वास्तविक असे कण मिसळण्याची कल्पना जुनीच होती. ते गोळा होऊन बसत, ही अडचण होती. ते सारखे पसरवण्याची रीत हे या कामाचे मर्म. शिवाय त्याचे बळ मोजले गेले ते काही मायक्रोमीटर जाडीच्या सूक्ष्म खांबांवर. यात कामाला कमीपणा नाही, पण सूक्ष्म खांबापासून मोटारीच्या चाकापर्यंतचे अंतर पुन्हा घडणीनेच कापावे लागते, हे वाचकाला सांगायला हवे होते.

मग घटकांना महत्त्व नाही काय?

अर्थातच आहे. एक टक्क्याहून कमी झिर्कोनियम मिसळले तर ओतलेल्या मॅग्नेशियमचे कण कमालीचे बारीक होतात; जर्मनीत झाउअरवाल्ड यांनी १९३७ साली हे दाखवले. मात्र ॲल्युमिनियम असलेल्या मिश्रधातूंत ही युक्ती चालत नाही, कारण झिर्कोनियम ॲल्युमिनियमशीच संयोग पावते. तसेच एझेड ९१ मधील लोहाचा अंश दशलक्ष भागांत पन्नासाहून कमी ठेवला की खाऱ्या हवेत त्याचे गंजणे खूप कमी होते. मालवण-आचऱ्याच्या हवेत वापरायच्या वस्तूसाठी हा सूक्ष्म अंश फार मोलाचा आहे. पहिल्या उदाहरणात घटक आपले काम कणांच्या रचनेच्या द्वारेच करतो, तर दुसऱ्यात घटकांचे प्रमाणच निर्णायक ठरते. तेव्हा घटक, घडण, आतील रचना आणि गुण या चारही कड्यांची साखळी मुलांपुढे यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शिक्षकांनी काय करावे?

पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत करता येतील.

१. वायरिंगमधील जाड, एकेरी तांब्याची तार एकाच जागी उलटसुलट वाकवावी. ती हळूहळू ताठ होत जाते आणि शेवटी तुटते. दुसरा तुकडा दोनचार वेळा वाकवून ताठ करावा, मग चिमट्यात धरून ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवावा, थंड करून पुन्हा वाकवावा. तो परत मऊ झालेला आढळेल. तांब्यात काहीच मिसळलेले नाही.

२. शिवणाच्या दोन पोलादी सुया लाल तापवाव्यात. एक पाण्यात बुडवावी, दुसरी ज्योतीतून अगदी सावकाश बाहेर काढावी. पहिली वाकवताना कडकन तुटते, दुसरी वाकते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून करावा.

३. प्रयोगशाळेतील मॅग्नेशियमची फीत आणि तितक्याच जाडीची तांब्याची पट्टी किती वेळा वाकवल्यावर तुटतात, हे मुलांना मोजू द्यावे आणि पत्त्यांच्या कॅटाने कारण समजावून द्यावे. मॅग्नेशियम तापवण्याचा किंवा कानशीने घासण्याचा मोह मात्र टाळावा. त्याचा कीस सहज पेटतो. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी वा कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडत नाही, उलट आग भडकते. जवळ कोरडी वाळू असावी.

४. गावातील लोहाराला एक तास वर्गात बोलवावे, किंवा वर्ग त्याच्या भात्याशी न्यावा. पाणी देताना तो लोखंडाचा कोणता रंग पाहतो, धार कठीण ठेवून पाठ चिवट कशी राखतो, हे मुलांनी विचारावे आणि लिहून घ्यावे.

या शेवटच्या सूचनेवर आमचा विशेष भर आहे. धातूचे गुण घडणीतून येतात, हे ज्ञान आपल्या गावांतून पिढ्यान्पिढ्या नांदत आले. तक्त्यात त्याला रकाना नाही, म्हणून ते वर्गात आले नाही, आणि ज्याच्या घरी हे ज्ञान आहे असा विद्यार्थी त्याच विषयात मागे पडतो. विज्ञानाच्या पुस्तकाकडून निदान हे घडू नये.

फळ्यावर तक्ता लिहिताना शिक्षकांनी तीन रकान्यांच्या पुढे चौथी रेघ ओढावी आणि त्यावर 'कसा घडवला?' असे लिहावे. सुरुवातीला बरीच घरे रिकामी राहतील. ती भरण्यासाठी मुलांना पुस्तकाबाहेर जावे लागेल, विचारावे लागेल, वाकवून पाहावे लागेल. धातुशास्त्राचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.